वादळानंतर जंगलाचं छत उघडलं, तरी रोपं का मरतात?

प्रश्न: पोर्तो रिकोतल्या लुकियो जंगलाबद्दल वाचतेय. १९८९ मध्ये ह्यूगो, २०१७ मध्ये मारिया अशी दोन मोठी चक्रीवादळं तिथं येऊन गेली. झाडं मोडली म्हणजे खाली ऊन भरपूर. मग रोपांचं फावायला हवं ना?

उत्तर: सगळ्यांचं नाही फावत. दाट जंगलात जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के उजेड पोचतो. त्या अंधारात वाढलेल्या रोपाची पानं पातळ असतात. एकदम भर उन्हात आली की करपतात. आणि पाचोळ्याचा ढीग विसरू नका! वादळ सगळा पाला, फांद्या खाली आणून टाकतं. त्याखाली रुजलेलं रोप हलकेच उघडून पाहा: पांढुरकं, लांबुळकं, उजेडाकडे वाकलेलं खोड. टाबोनुको या तिथल्या मोठ्या झाडाच्या मोठ्या बीत शिदोरी असते, म्हणून ते ढिगातून वर येऊ शकतं. सेक्रोपिया या भराभर वाढणाऱ्या झाडाचं इवलंसं बी तिथेच संपतं.

दुसरा वाचक: मग वादळानंतर सेक्रोपियाच जिकडेतिकडे कशी?

उत्तर: मुळासकट झाड उपटलं की उघडी माती मिळते. तिथं मातीत दबा धरून बसलेलं बी ऊन लागताच उठतं आणि भराभर वाढतं. पण काही वर्षांत छत मिटतं, तेव्हा सेक्रोपियाची नवी रोपं सावलीत टिकत नाहीत. टाबोनुकोची टिकतात. मला तर हे तग धरणंच जास्त मोलाचं वाटतं. मोकळ्या जागेकडे बघून जंगल सावरलं की नाही, हे ठरवू नका. गुडघ्याएवढी रोपं कुठल्या झाडांची आहेत, ते आधी बघा.