मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडीतले आभासी गिअर ट्रॅकवर खरंच उपयोगी पडतात का?

नमस्कार मंडळी. ह्युंदाई आयोनिक ५ एन ही २०२३ मध्ये आलेली गाडी घ्यायचा विचार आहे, पण एका गोष्टीवर अडलोय. तिच्यात 'एन ई-शिफ्ट' आहे. खरा गिअरबॉक्स नसताना मोटरचा टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) क्षणभर कमी-जास्त करून ती ८ गिअरचा भास देते, गिअर बदलताना हलका झटकाही बसतो. स्टिअरिंगमागचं गिअर बदलायचं पॅडल वेळेवर ओढलं नाही तर आभासी रेव्ह लिमिटर लागतो, म्हणजे इंजिनाचे फेरे कमाल मर्यादेला अडल्याचा भास होतो. स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो तो वेगळाच.

मला आवाजाची आवड आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण खरा प्रश्न ब्रेकिंगचा. पेट्रोल गाडीत वळणाआधी इंजिनाच्या सुरावरून आणि गिअरवरून वेगाचा अंदाज येतो, मीटरकडे बघावं लागत नाही. शांत इलेक्ट्रिक गाडीत तो आधारच जातो. आभासी गिअरमुळे तो परत मिळतो का? गिअर खाली टाकल्यावर रिजनरेशनमुळे (मोटरनं वेग कमी करत बॅटरी चार्ज करणं) इंजिन ब्रेकिंगसारखी, म्हणजे पेट्रोल गाडीचं इंजिन वेग रोखतं तशी, ओढ विश्वासानं वापरण्याइतकी जाणवते का?

शिवाय लॅप टाइमसाठी (ट्रॅकची फेरी कमी वेळात व्हावी म्हणून) हे बंद ठेवलेलं बरं का? टॉर्क मध्येच तोडला की थोडा वेग जाणारच, असं मला वाटतं.

ज्यांनी ही गाडी ट्रॅकवर दोन्ही प्रकारे चालवली आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.