सुई मधोमध, विमान भलतीकडे

सी-५०३: काका, आईबाबा काल रात्री दिल्लीहून आले. उतरता उतरता विमान एकदम वर! मामाने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकलाय, म्हणे ‘खोटा सिग्नल’ पकडला. असं असतं का खरंच?

ए-२०१ काका: असतं. पण कालच्या गोष्टीला ते चिकटवू नकोस. पुढचं विमान रनवेवरून हललं नाही तरी गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) करतात. आईबाबा बरे आहेत ना?

सी-५०३: हो हो, बाबा सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलेत 😄

ए-२०१ काका: मी आयएलएसच्या (उतरणाऱ्या विमानाला रनवेपर्यंत वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा) मेंटेनन्सलाच होतो, म्हणून लिहितो. त्यातल्या ग्लाइड स्लोपच्या, म्हणजे उताराची वाट दाखवणाऱ्या, सिग्नलवर ९० आणि १५० हर्ट्झ असे दोन सूर असतात. दोन्ही सारखे मिळाले की कॉकपिटमधली सुई मधोमध, म्हणजे विमान ३ डिग्रीच्या उतारावर. घोळ असा, की वर ९ डिग्रीच्या आसपासही ते सारखे होतात. तिथे सिग्नल उलटा असतो.

बी-१०२: उलटा म्हणजे?

ए-२०१ काका: ऑटोपायलटला वाटतं आपण खाली आहोत, तो नाक वर उचलतो. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या आइंडहोव्हनला बोइंग ७३७ चं असंच झालं. वेग इतका पडला की स्टॉलची (पंखांचा आधार सुटण्याची) वॉर्निंग वाजली. गो-अराउंड करून सुखरूप उतरले. म्हणून ग्लाइड स्लोप खालून पकडायचा, वरून नाही.

सेक्रेटरी: टँकर ४ वाजता. गेटसमोरच्या गाड्या काढा 🙏

सी-५०३: आणि यंत्रच बिघडलं तर? सुईपाशी लाल झेंडी येते ना?

ए-२०१ काका: तिथेच तर गोम आहे. जुलै २०००, सामोआतलं आपिया, ऑकलंडहून आलेलं एअर न्यूझीलंडचं ७६७, रात्रीची वेळ. ट्रान्समीटर चालू, पण ते दोन सूर सगळीकडे सारखेच जात होते; वर-खाली फरक दाखवणारा भागच जात नव्हता. फरक शून्य, म्हणून सुई मधोमध, विमान कुठेही असो. झेंडी नाही. मोर्स ओळखही (यंत्रणेची ओळख सांगणारा मोर्स कोड) बरोबर, कारण ती लोकलायझरवरून (डावं-उजवं दाखवणारा भाग) येते, ग्लाइड स्लोपवरून नाही!

बी-१०२: बापरे. मग पायलटने बघायचं काय?

ए-२०१ काका: अंतर आणि उंची. ३ डिग्रीला मैलामागे साधारण ३०० फूट (सागरी मैल हं).

सी-५०३: म्हणजे ६ मैलांवर १८०० फूट हवेत.

ए-२०१ काका: बरोबर. आपियाला ६ मैलांच्या आसपास असताना ४०० फुटांच्याही खाली होते.

सी-५०३: 😳 कळलं कसं?

ए-२०१ काका: बेटावरचे दिवे नको तितके जवळ दिसले, आणि डीएमईवर (अंतर दाखवणारं यंत्र) अजून अंतर बाकी. लगेच गो-अराउंड. एकालाही खरचटलं नाही.

बी-१०२: सी-५०३, हे बाबांना दाखवू नकोस, पुढच्या खेपेला रेल्वेने येतील.

ए-२०१ काका: दाखव खुशाल. आणि टँकरसाठी तुमची ती पांढरी गाडी काढा आधी.