मुंबई आणि आसपासचे पक्षी: तुम्ही स्वतः काय पाहिलंत?

ठिकाणांच्या याद्या सगळीकडे मिळतात. शिवडी, कर्नाळा, येऊर, उरण, ऐरोली. त्या वाचून माणूस दुर्बीण घेऊन निघतो आणि दुपारी बारा वाजता तीन कावळे आणि एक बगळा बघून घरी येतो. म्हणून हा धागा. तुम्ही स्वतः कुठे गेलात, कधी गेलात, काय दिसलं आणि काय फसलं, ते लिहा. फोटो नसले तरी चालेल.

सुरुवात माझ्यापासून. मी मुलुंडचा. भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडे जाणारा रस्ता घरापासून दुचाकीवर पंधरा मिनिटांवर, आणि मी आयुष्याची चाळीस वर्षं तिकडे फिरकलो नव्हतो, कारण वास. पूर्व द्रुतगती मार्गावरून आत वळलात की दोन्ही बाजूंना तिवरं, मध्ये सांडपाण्याची तळी, आणि पहिली दोन मिनिटं नाकाला रुमाल. मग एका डिसेंबरात मेव्हणा ओढून घेऊन गेला. सकाळी सात वाजता धुक्यात एक जांभळी पाणकोंबडी पाणवनस्पतीवरून पाय उचलत चालली होती. लांब लाल बोटं, प्रत्येक पावलाला आधी मिटायची आणि मग पसरायची. पाच मिनिटांनी वर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला आणि तळ्यातलं यच्चयावत बदक एका दमात उडालं. वासाचं भान तेव्हापासून राहिलेलं नाही. बायकोला मात्र माझ्या कपड्यांचं भान असतं.

*

मी शिवडीबद्दल लिहितो. वय ७१, नोकरी गोदीत झाली. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला आम्ही मुद्दाम कधी गेलो नाही, ते समोर असायचेच.

लोक येतात ते चुकीच्या वेळेला. 'सकाळी लवकर' हा नियम जंगलाचा. खाडीवर घड्याळ चालतं पाण्याचं. पूर्ण ओहोटी असली की चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी त्याच्या पार टोकाला जातात, तुम्हाला दिसते फक्त एक गुलाबी रेघ. पूर्ण भरती असली की चिखलच नाही, मग पक्षीही नाहीत. मधली वेळ गाठायची. भरतीचं पाणी चढत असताना ते पक्ष्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं. भरतीच्या आधीचे दोन-तीन तास उत्तम, नंतरचेही चालतात.

भरती कधी, हे काढायला मोबाइल लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर बघा. त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. थोडंफार मागेपुढे होतं, पण कोळी आणि तांडेल पिढ्यानपिढ्या यावरच होड्या काढत आलेत. म्हणजे अष्टमीला दुपारी तीन-साडेतीनला शिवडीला या, पौर्णिमेला सकाळी साडेआठला. हे रोहित बहुतेक कच्छकडून येतात, नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत असतात. जितका उन्हाळा वाढतो तितकी गर्दी वाढते.

हार्बर लाइनवर शिवडी स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं आणि ट्रक-गोदामांच्या मधून चालत जायचं. आता तिथूनच अटल सेतू सुरू होतो. पुलाचं काम सुरू झाल्यापासून पक्षी पूर्वीइतके काठाला येत नाहीत, हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. बाकी कारणं असतीलही.

एकदा नातवाला घेऊन गेलो. जेट्टीवरून खाली उतरायचं नाही असं बजावलं होतं. तो ऐकेल तर नातू कसला. गुडघ्यापर्यंत रुतला. ओढून काढला, पण एक सॅंडल खाडीने ठेवून घेतली. घरी जाईपर्यंत लोकलमध्ये आमच्या दोन्ही बाजूंच्या सीटा रिकाम्या होत्या.

*

वरच्या काकांना दंडवत! तिथीचं गणित मला माझ्या आजोबांनी शिकवायला हवं होतं, पण ते साताऱ्याचे.

माझा अनुभव नेरुळचा आणि तुमच्या हिशेबाला जोडूनच. खाडी पाण्याने पूर्ण भरली की रोहित जातात कुठे, हा प्रश्न मला पडायचा. ते आमच्याकडे येतात. पाम बीच रोडच्या पलीकडच्या पाणथळ जागांवर आणि तळ्यांमध्ये विसाव्याला. म्हणजे शिवडीला जी वेळ वाया जाते तीच नेरुळला फळते. ऐन भरतीला या. एका पायावर उभे, मान पाठीत खुपसलेली, हजारभर पक्षी आणि आवाज मात्र गुदमरलेल्या कुजबुजीसारखा. माझं ऑफिस घरून होतं तेव्हा मी दुपारच्या मीटिंगा भरतीच्या वेळा बघून लावायचे. साहेबांना अजून माहीत नाही.

*

घाटकोपर. लिहू की नको असं वाटत होतं. मे २०२४ मध्ये विमानाच्या धडकेने रोहित पक्षी पडले ते आमच्या पंतनगरच्या बाजूला. रात्री काही कळलं नाही. सकाळी आमच्या गल्लीतल्या पोराच्या हातात एक पीस होतं, गुलाबी, कडेला काळं. मी तोवर रोहित फक्त टीव्हीवर पाहिला होता. ते थवे रात्री आमच्या गच्चीवरून जातात हेही मला त्या दिवशी कळलं. आता मे महिन्यात रात्री गच्चीत झोपतो. दिसत नाहीत, पण हंसासारखा चिरका आवाज दोनदा ऐकलाय.

*

कर्नाळा. पनवेलहून गोवा रस्त्याने गेलात की किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसायला लागतो. १९६८चं अभयारण्य आहे. हिवाळ्यात सगळेच जातात, मी पावसाळ्यात जायला सांगेन, आणि त्याचबरोबर जाऊ नका असंही सांगेन. कारण लिहिते.

जूनमध्ये तिबोटी खंड्या घरट्याला येतो. चिमणीएवढा जीव. पिवळं पोट, जांभळट-नारिंगी डोकं, पाठीवर निळं, चोच गाजरासारखी. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. पहिल्यांदा मी आणि मैत्रीण, दोघीच होतो. छत्रीखाली पाऊण तास गप्प बसलो. तो आला, चोचीत सापसुरळीचं पिल्लू, फांदीवर ते दोनदा आपटलं, इकडेतिकडे बघितलं आणि सुर्रकन बिळात. सगळा प्रकार चार सेकंदांचा. मैत्रिणीने माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

तीन वर्षांनी पुन्हा गेले तर तशाच एका घरट्यासमोर माणसं कॅमेऱ्याच्या तिपायांची भिंत करून उभी. चोचीत खेकडा घेतलेला पक्षी समोरच्या झाडावर, आणि आत पिल्लं ओरडतायत. तो बिळाकडे झेपावायचा आणि अर्ध्यातून परतायचा. मी बोलले तर एक गृहस्थ म्हणाले, "ताई, आम्ही चार तास उभे आहोत." तो पक्षीही चार तास उभा होता. मी परत आले. आता मी त्या महिन्यांत घरट्याकडे जातच नाही, रस्त्यापासून आत थोडं चालून नुसती ऐकते. त्याची ती बारीक धारदार शीळ पावसातूनही कळते.

*

दादर, तिसरा मजला, गुडघे गेलेले, त्यामुळे माझं पक्षिनिरीक्षण खिडकीतलं. समोरच्या पिंपळावर राखी धनेशाची जोडी येते. आमच्या लहानपणी हा पक्षी दादरला पाहिल्याचं मला आठवत नाही. आता फळं पिकली की रोज हजर, आवाज घारीसारखा, उडणं मात्र जड, जसं काही पिशव्या घेऊन जिना चढतोय. फळ चोचीच्या टोकात धरतो, वर उडवतो आणि घशात झेलतो. एकदाही चुकलेला पाहिला नाही. माझी नात शेंगदाण्यांनी तसं करायला गेली आणि दोन शेंगदाणे पंख्याच्या पात्यावर.

*

डोंबिवली. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस पडायच्या आधी, सकाळी सहाला बाल्कनीत धप्प आवाज झाला. काचेवर काहीतरी आपटलं होतं. बघतो तर कुंडीमागे नवरंग. हिरवी पाठ, डोळ्यावर काळा पट्टा, खांद्यावर आकाशी, शेपटीखाली शेंदरी. मी त्याला येऊरला तीन वर्षं शोधत होतो!

हे पक्षी दक्षिणेकडून रात्री उडत येतात आणि त्या आठवड्यात उंच इमारतींच्या काचा आणि दिव्यांना फसतात. तुमच्याकडेही कधी पडेल, म्हणून सांगतो. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. खायला घालायचं नाही. बुटाच्या खोक्याला भोकं पाडायची, आत मऊ फडकं, झाकण लावून अंधारात, पंखा बंद, मांजर दुसऱ्या खोलीत, आणि सारखं उघडून बघायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आमच्या मजल्यावरची सहा बिऱ्हाडं बघायला आली होती, मी दारातच हात जोडले.

साडेचारला खोक्यात खुडबुड सुरू झाली. सोसायटीच्या मागे आंबा आणि करंजाची दाट सावली आहे, तिथे खोकं उघडलं. तो काठावर आला, मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं, जमिनीवर उतरला आणि लगेच पाचोळा उलटायला लागला. पाखरू उडून जाईल असं आम्हाला वाटत होतं, त्याला भूक लागलेली होती. पंख नीट चालत नसतील किंवा रक्त दिसत असेल तर मात्र घरगुती उपाय नकोत, वनखात्याला किंवा प्राणिमित्रांना फोन करा.

*

गेटवे ते मांडवा लाँच. कुरव पक्षी हाताच्या अंतरावर, फुकट. एकच विनंती, शेव आणि चिप्स टाकू नका. मीही टाकायचो. मग एकदा पुढच्या बाकावरच्या कोळीणबाई म्हणाल्या, "त्याला मासे गावतात रे, तुझी शेव तू खा." खाल्ली.

(मांडव्याला उतरलातच तर किहीमपर्यंत जा. सालिम अलींनी १९३०मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास तिथेच केला. एक नर एकाहून अधिक घरटी विणतो आणि माद्या घरटं पसंत पडलं तरच नांदतात, हे त्यांनी तिथल्या झाडांकडे बघत बसून टिपलं. ऑगस्टात शिंदीच्या झाडांखाली बसलात तर अर्धवट सोडलेली घरटी तुम्हीही मोजू शकता.)

*

मी उरणचा, आगरी. तुम्ही 'पाणजे वेटलँड' म्हणता, आमच्या घरात त्याला नुसतं खार म्हणतात. आजा मिठागरात होता. त्याला पक्ष्यांची पुस्तकातली नावं माहीत नव्हती, पण उघाडीवर कोणता बगळा बसला यावरून आत मासळी किती आहे ते सांगायचा. उघाडी म्हणजे बांधातलं दार, भरतीला पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं. ती ये-जा चालू असते तोवर चिखल जिवंत, चिखलात किडे, आणि किड्यांवर पक्षी.

लहानपणी शाळेत जाताना शेकाट्या आणि चमचे हे पक्षी बांधाच्या दोन्ही बाजूंना असायचे, त्यांच्याकडे कोण बघतो? मुंबईहून लोक कॅमेरे घेऊन यायला लागले तेव्हा आम्ही हसायचो. मग पाण्याच्या वाटा बुजायला लागल्या, काही जागी तळं सुकून क्रिकेटचं मैदान झालं. आता रविवारी मीच लोकांना बांधावर नेतो. या, पण पांढरे कपडे नकोत, गाडी बांधावर घालू नका आणि कोणाच्या शेततळ्याचं दार उघडून आत शिरू नका. मागे एकांनी फोटोसाठी थवा उठवायला दगड मारला. त्यांना परत आणलेलं नाही.

*

येऊर. फेब्रुवारी. एकही पाऊल चालू नका.

खरंच सांगतोय. निष्पर्ण झालेली, लाल फुलांनी भरलेली काटेसावर शोधा, तिच्यापासून वीसेक पावलांवर सूर्याकडे पाठ करून बसा आणि थर्मास उघडा. मी वीस वर्षं रानोमाळ फिरलो, आणि पाय मुरगळल्यामुळे एकदा एका झाडाखाली बसलो तेव्हा मला ही अक्कल आली. दोन तासांत भोरड्यांचा थवा, कोतवाल, हळद्या, पर्णपक्षी, शिंजीर, बुलबुल आणि वर टोकाला पोपट. भोरड्या सगळ्यांना हुसकवायच्या, त्यांना कोतवाल हुसकवायचा. मध पिऊन वर आलेल्या प्रत्येकाच्या कपाळावर परागाचा पिवळा टिळा. वारीतून आल्यासारखे. काटेसावर संपली की पळस, मग पांगारा बघा.

बिबट्याबद्दल विचारलं जातंच: सकाळी उजाडल्यावर जा, अंधार पडायच्या आत बाहेर या, एकटे जाऊ नका.

*

धागाकर्ता पुन्हा. काकांचं गणित मी रविवारी लावून पाहिलं. भांडुपला न जाता ऐरोलीच्या बाजूला खाडीकाठी गेलो. कॅलेंडर न बघता आठवणीने अष्टमी धरली, भरती सहाला, म्हणून तीनला हजर. पाणी येईना. रोहित पार लांब, ती गुलाबी रेघच. बायको म्हणाली, विचार त्या काकांना. घरी फोन केला तर आई म्हणाली, आज नवमी. म्हणजे पाऊण तास उशीर!

त्या पाऊण तासात तिवरांमधून एक कोल्हा बाहेर आला. ओल्या चिखलाच्या कडेने चालत निघाला, मध्येच थांबून खेकड्याच्या बिळात नाक घातलं, शिंकला, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा तिवरांत गेला. मग पाणी चढलं आणि रोहित आले.