गोयाच्या चित्रातला कंदील
कोणीतरी म्हटलंय की रोमँटिकवाले (म्हणजे १८०० च्या आसपासचे, भावनेला महत्त्व देणारे चित्रकार-कवी) शेवटी देवाधर्माकडेच वळले, काही वळले असतील, पण मग गोया या स्पॅनिश चित्रकाराचं '३ मे १८०८' बघा ना एकदा (१८१४ चं आहे, माद्रिदला प्रादो संग्रहालयात; फ्रेंच सैनिक माद्रिदच्या लोकांना गोळ्या घालतायत). पांढऱ्या शर्टातला माणूस हात पसरलेला, उजव्या तळव्यावर खिळ्याच्या जखमेसारखी खूण, म्हणजे पोझ सरळसरळ येशूची पण आहे कोण तर कुणीतरी साधा माणूस, आत्ता गोळी खाणार. आणि उजेड वरून वगैरे येत नाही हां, जमिनीवर ठेवलेल्या कंदिलाचा आहे, आकाश नुसतं काळं ठिक्कर. देवदूत नाही की काही नाही. मरणाऱ्यांत एक ख्रिस्ती साधूपण आहे, त्याला तरी कोण वाचवतंय! सैनिकांचे तर चेहरेच दाखवले नाहीयेत, नुसत्या पाठी.