नवऱ्याची नोकरी गेल्यापासून शुक्रवारी उपास धरतेय, पण कुठेतरी चुकतंय असं वाटतं

पायरीवर_बसलेली:
सगळ्यांना सलाम. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. ह्यांची नोकरी जाऊन चार महिने झाले, हप्ते थांबत नाहीत, मुलीची फी तोंडावर आलीय. आमच्या प्रार्थना ग्रुपमधल्या एका बाई म्हणाल्या की तीन दिवस निर्जळी धर, बायबलमधल्या एस्तेर राणीने धरला तसा, काम झालंच समज, वर मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायातलं वचनही दाखवलं, प्रार्थना आणि उपासाशिवाय ही जात (म्हणजे अशुद्ध आत्म्यांची) निघत नाही ते. तीन दिवस काही मला झेपणारे नव्हते म्हणून शुक्रवार धरला, दिवसभर फक्त पाणी आणि संध्याकाळी प्रार्थना करून जेवायचं. सहा शुक्रवार झाले.

आता खरं सांगते. चार वाजले की डोकं ठणकायला लागतं, प्रार्थनेला बसले तरी लक्ष घड्याळाकडे. गेल्या शुक्रवारी मुलीचं गणित तिसऱ्यांदा चुकलं तर मी तिची वही भिरकावली, उपासाच्या दिवशी! आणि त्याच दुपारी हे जेवत होते, मी नुसती समोर बसलेली, तर घास हातातच धरून म्हणाले, तू जेवली नाहीस की मला वाटतं माझ्यामुळे घरात कुणीतरी शिक्षा भोगतंय. मला उत्तरच सुचलं नाही.

त्यात आता सासूबाई म्हणतात मीपण धरते, त्यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मी चालू ठेवू का सोडू? आणि सोडलं तर देवाला दिलेला शब्द मोडल्यासारखं होईल का?

रात्रपाळी:
ताई, आधी सासूबाईंचं, बाकीचं ज्याला बोलायचं त्याला बोलू दे. मी नर्स आहे. शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की तुम्ही खा नाहीतर खाऊ नका, त्या शुगर खाली आणणारच, इन्सुलिनचंही तेच. घाम, हाताला कंप, बोलणं विसंगत व्हायला लागलं किंवा मशीनवर ७० च्या खाली दिसलं तर ताबडतोब साखर द्यायची, संध्याकाळच्या प्रार्थनेची वाट बघत बसायचं नाही. डॉक्टरला न विचारता त्यांना उपास धरू देऊ नका आणि गोळी तर मनाने बंद करूच नका. निर्जळी तर कुणालाच सांगू नका, तुम्ही स्वतः पण नाही. तुमचं चारचं डोकं बहुतेक चहा-कॉफी एकदम तोडल्याचं असणार, रोज किती कप घेता?

जुनी_वही:
एस्तेरचं सगळे सांगतात, दावीद राजाचं कुणी सांगत नाही. २ शमुवेल १२ काढा. त्याचं मूल आजारी पडलं, दावीद सात दिवस जमिनीवर पडून राहिला, अन्नाला शिवला नाही, आणि मूल गेलं. त्याला ते सांगायची नोकरांची हिंमत होईना. तो काय करतो तर उठतो, आंघोळ करतो, कपडे बदलतो, परमेश्वराच्या घरी जाऊन नमन करतो, मग घरी येऊन जेवायला मागतो. नोकर चक्रावले.

हे मला का पाठ आहे तर वडील व्हेंटिलेटरवर होते तेव्हा मीपण धरला होता, हॉस्पिटलच्या जिन्यात बसून, कुणी काही खायला आणलं की परत पाठवायचो, मनात हिशोब चालू की एवढं केलं म्हणजे आता देवाला द्यावंच लागेल. वडील गेले आणि त्यानंतर वर्षभर मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं नाही, कारण माझ्या मते समोरच्याने व्यवहार मोडला होता. आपण व्यवहार केलाय हेच मुळात चुकलं होतं हे कळायला मला बराच वेळ लागला, आणि कुणी तोंडावर सांगितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. त्या बाईंचं "काम झालंच समज" वाचून पोटात कालवलं म्हणून लिहिलं.

थोमाचा_भाऊ:
जुनी वही, तुमचं दुःख मान्य, पण मग उपासाने काहीच होत नाही असंही म्हणू नका. निनवे शहराचं काय? राजापासून गुराढोरांपर्यंत सगळे उपाशी राहिले आणि आलेलं संकट टळलं, योनाचा ३रा अध्याय. यहूदाचा राजा यहोशाफाट, त्याच्यावर मवाबी आणि अम्मोनी चालून आले तेव्हा त्याने सगळ्या यहूदात उपास पुकारला. यरुशलेमचा तट पडल्याची बातमी ऐकून परक्या राजाच्या चाकरीत असलेला नहेम्या आधी रडला, मग उपास आणि प्रार्थना, आणि नंतर राजाकडे सरळ रजा आणि लाकूड मागितलं. माणसं संकटात मागायलाच बसत होती, त्यात लाज कसली? नुसतं "देवाजवळ जाण्यासाठी" वगैरे गुळगुळीत बोलायला मला जमत नाही, नोकरी पाहिजे तर नोकरी मागा.

खिडकीतला_दिवा:
थोमाच्या भावा, मागायचंच, पण तू सांगितलेल्याच गोष्टीत एक शब्द सुटला बघ. निनवेचा राजा शेवटी काय म्हणतो, कोण जाणे, देव वळेलही. दावीद नोकरांना तेच सांगतो, न जाणो परमेश्वर कृपा करील म्हणून मी रडलो. योएलाच्या पुस्तकात उपासाची हाक आहे, तिथेही कोण जाणे. एस्तेरला वाढवणारा तिचा चुलतभाऊ मर्दखय तिला निरोप धाडतो तोही, कोण जाणे, तू ह्याच वेळेसाठी राणी झाली असशील. आणि एस्तेर स्वतः तीन दिवसांचा उपास सांगतानाच म्हणते, नाश झाला तर होवो. म्हणजे इतके जण उपाशी बसले आणि खात्री एकालाही नव्हती, मग आपल्याला ती कुणी दिली? गंमत म्हणजे एस्तेरच्या मूळ हिब्रू पुस्तकात देवाचं नावसुद्धा एकदाही येत नाही.

मार्कच्या वचनाचं पण सांगते, सगळ्यांत जुन्या काही हस्तलिखितांत तिथे फक्त "प्रार्थना" आहे, "उपास" शब्द नाही, तुमच्या शास्त्रात खाली टीप असेल बघा. शिवाय ती गोष्ट अशुद्ध आत्मा लागलेल्या मुलाची आहे, नोकरीची नाही.

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे सक्तीचे उपास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेही १८ पूर्ण झाल्यापासून ६०वं लागेपर्यंत, एक पूर्ण जेवण आणि दोन थोडीथोडी, आणि आजाऱ्याला माफ. सासूबाईंना सांगा की चर्चच सूट देतं, तुम्ही कशाला स्वतःवर कडक होता. यशया ५८ मात्र आवर्जून वाचा, लोक विचारतात आम्ही उपास केला तरी तू बघत का नाहीस, आणि उत्तर येतं की उपास धरता आणि त्याच दिवशी भांडता, हाणामारी करता. वही भिरकावणाऱ्या तुम्ही एकट्या नाही :) दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लिखाणात तर न खाल्लेल्या जेवणाची किंमत काढून ती विधवेला, अनाथाला द्या असं आहे, म्हणजे उपाशी राहिलो त्याचा कुणाला तरी उपयोग.

जुनी_वही:
"कोण जाणे" माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दावीदाचा अध्याय पाठ आहे म्हणतो मी.

आणि ताई, ह्यांच्या घासाबद्दल. उपास गुप्त ठेव, डोक्याला तेल लाव, तोंड धू, हे येशू मत्तयाच्या ६व्या अध्यायात सांगतो ते लोकांना दाखवणाऱ्यांसाठी, जेवताना समोर बसलेल्या नवऱ्याला कोड्यात ठेवायला नाही. प्रेषित पौल तर नवरा-बायकोला प्रार्थनेसाठी थोडे दिवस वेगळं राहायचं तरी दोघांची संमती लागते म्हणतो. त्यांना विचारलंत का? हाच पौल वादळात २७६ माणसांच्या जहाजावर सगळ्यांना काय म्हणतो, चौदा दिवस तुम्ही उपाशी आहात, आता खा. भाकर घेतो, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतो आणि आधी स्वतः खातो. संकटात उपास करतात तसं संकटात जेवतात पण.

पायरीवर_बसलेली:
उशिरा येतेय, माफ करा. रात्रपाळी ताई, मी दिवसाला पाच कप घेते, लिहिताना लाज वाटली. आता गुरुवारीच कमी करते.

ह्यांच्याशी बोलले. मी म्हटलं शिक्षा नाही हो, मला काय करावं ते सुचत नाही म्हणून धरला होता. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले मलापण सुचत नाही. शुक्रवारी दोघांनी मिळून फक्त दुपारचं सोडायचं ठरलं, त्या वेळात हॉलमधला पंखा लावून शेजारी बसतो, स्तोत्र ते वाचतात कारण माझा चष्मा सापडत नाही. पहिल्या शुक्रवारी ते मध्येच झोपले. मी उठवलं नाही, चार महिन्यांत दुपारी डोळा लागलेला पहिल्यांदाच बघितला. मुलीला सॉरी म्हटलं, ती म्हणाली गणित तरीपण चुकीचंच आहे.

नोकरीचा फोन अजून नाही. सासूबाईंना डॉक्टरांनी नाहीच म्हटलं, तर त्यांनी जेवणाऐवजी रात्रीची मालिका सोडलीय आणि रोज सकाळी मला विचारतात, काल त्यात काय झालं. हे उपास मोडल्यात धरायचं का?