आईचे स्मार्टवॉच ॲपला जोडले जात नाही

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक): सकाळी जॉगिंग ट्रॅकवर फिरताना आईच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद राहावी म्हणून तिला स्मार्टवॉच घेऊन दिले. मोबाइलच्या ब्लूटूथ यादीत ते जोडलेले दिसते, परंतु ॲपमध्ये सापडत नाही. काय करावे?

उत्तर (सिडको): यादीतील ती जोडणी आधी काढून टाकावी आणि घड्याळ ॲपमधूनच जोडावे, कारण अशी बरीच घड्याळे एका वेळी एकाच जोडणीला प्रतिसाद देतात आणि तोवर इतरांच्या शोधात दिसतच नाहीत. अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढील मोबाइलवर ‘जवळपासची डिव्हाइस’ ही परवानगी द्यावी. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये शोधासाठी लोकेशन सुरू असावे लागते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

प्रश्नकर्ता: आता जोडले गेले, मनःपूर्वक आभार. मात्र मोबाइल खिशात असताना नोंदी ॲपमध्ये येणे थांबते.

उत्तर (पंचवटी): दादा, मोबाइलची बॅटरी-बचत ॲपला पार्श्वभूमीत बंद करत असावी, तेव्हा सेटिंगमध्ये त्या ॲपपुरते बॅटरीचे निर्बंध काढावेत. पट्टाही मनगटाच्या हाडाच्या किंचित वर, घट्ट पण न रुतेल असा बांधावा. सैल पट्ट्यामुळे प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरचे आकडे चुकतात. आईंना धडधड किंवा चक्कर जाणवल्यास ॲपमधील आकडा कितीही असो, डॉक्टरांनाच दाखवावे.