एका टेम्पलर स्वारामागे किती गावं राबत होती?

खारपाणपट्टा

मंडळी, गावच्या वाचनालयाच्या भिंतीसाठी एक मोठा तक्ता करायला घेतला आहे. दर्यापूर तालुका, वाचणारे बहुतेक शेतकरी आणि आठवी-नववीची पोरं. विषय आहे धर्मयुद्धांच्या (जेरुसलेमसाठी ख्रिस्ती-मुस्लिम लढाया) काळातले शस्त्रधारी ख्रिस्ती संन्यासी: टेम्पलर, हॉस्पिटलर, ट्युटॉनिक. पांढरा झगा, लाल क्रूस, शेवटी जाळून मारलं, एवढं कुठंही सापडते. आमच्या वाचकांचा पहिला प्रश्न वेगळा राहील: याचा खर्च कोण करत होतं?

ज्यानं घरदार सोडलं, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तो माणूस तीन घोडे कसा पोसत होता? फ्रान्समधल्या खेड्यातला गहू जेरुसलेमकडच्या किल्ल्यात पोचायचा, की पोचतच नव्हता? गावात वसुली कोण करायचं? एकानं सुचवलं की सरळ मालगुजाराशी तुलना करा. आमच्या वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, पण भंडारा-चांद्याकडची मंडळी इथं आहेत. तुलना बसते का ते त्यांनी सांगावं. 'एका स्वारामागे इतके एकर' असं काही काढता आलं तर फारच चांगलं.

मालगुजारी_तलाव

आधी एक घोळ मिटवा. या विषयात 'एकर' नावाचं बंदराचं शहर वारंवार येते. तक्त्यावर 'एकर 1291 मध्ये हातचं गेलं' असं लिहिलं तर दर्यापूरची पोरं जमीनच समजतील. अरबी नाव अक्का आहे, तेच लिहा.

स्वारामागे एकर निघत नाहीत, कारण हिशोब माणशी नव्हताच. देणगी संघाला, म्हणजे टेम्पलरांच्या संस्थेला मिळायची, स्वाराला नाही. आणि ती सलग नसायची. कोणी एक शेत दिलं, कोणी पाणचक्कीचा निम्मा हक्क, कोणी आठवडी बाजाराचा कर, कोणी मेंढ्यांची चराई. दहा-वीस वर्षं अदलाबदल आणि खरेदी करून हे तुकडे जोडत आणायचे, तेव्हा कुठं त्याची 'कमांडरी' व्हायची. कमांडरी म्हणजे किल्ला डोळ्यापुढे आणू नका. एक प्रार्थनाघर, कोठार, गोठा, तबेला आणि राहायला दोन-चार संन्यासी. त्यातही झगेवाले सरदार (नाइट) फार कमी. बहुतेक सार्जंट दर्जाचे, म्हणजे शेती, जनावरं आणि वसुली पाहणारे, बरेचसे उतारवयाचे. लढण्याजोगा तरुण पूर्वेकडे, म्हणजे जेरुसलेमच्या बाजूला पाठवलेला असायचा. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात क्रेसिंग टेम्पल इथं टेम्पलरांची दोन लाकडी कोठारं आजही उभी आहेत, एक जवाचं, एक गव्हाचं, दोन्ही तेराव्या शतकातली. तक्त्यावर चित्र काढायचं तर तलवारीऐवजी त्या कोठाराचं काढा.

मालगुजाराची तुलना अर्धीच बसते. मालगुजार गावाचा सारा गोळा करायचा, सरकारचा वाटा भरायचा आणि उरलेला स्वतः ठेवायचा. हक्क वारशानं पोराकडे जायचा, गहाण पडायचा, विकलाही जायचा. कमांडर हा संन्यासी. त्याला वारस नाही, त्याची बदली होते, आणि उरलेलं त्याचं नसते. त्यापेक्षा देवस्थान इनाम जवळचं: जमीन देवाच्या नावावर, सारा माफ, आणि कारभारी मठाचा. माफीचंही तसंच. 1139 मध्ये पोप इनोसंट दुसरा यानं टेम्पलरांना चर्चच्या दशांश करातून सूट दिली, स्वतःचे पुरोहित ठेवायची मुभा दिली आणि स्थानिक बिशपच्या हाताखालून काढून थेट आपल्या अखत्यारीत घेतलं. बिशप लोकांचा राग तिथून सुरू होते. त्यांच्या हद्दीतली जमीन संघाकडे गेली की तिचा दशांश बुडाला. 1179 च्या लॅटरन परिषदेत (चर्चची रोममधली मोठी सभा) याची उघड तक्रार झाली.

वसुलीचं काम कसं चालायचं हे पाहायचं तर 1185 ची इंग्लंडमधल्या टेम्पलर जमिनींची पाहणी आहे. गावागणिक कोणाकडे किती जमीन, तो रोख किती देतो, कापणीला किती दिवस राबतो, ही सगळी नोंद. पटवाऱ्याचं दप्तरच म्हणा ना.

कमांडरीनं आपला खर्च भागवून उत्पन्नाचा ठरलेला भाग वर पाठवायचा. रिवाजानं तिसरा हिस्सा, प्रत्यक्षात बऱ्याचदा कमी. त्याला रिस्पॉन्शन म्हणत. तो प्रांताच्या प्रमुखाकडे आणि तिथून पूर्वेला. आता तुमचा गव्हाचा प्रश्न. फ्रान्सचा गहू सहसा जात नव्हता. तो तिथंच विकून चांदी व्हायची. जहाजानं जायची ती चांदी, घोडे, कापड, लोखंड आणि माणसं. पूर्वेकडे पीक बुडालं की दक्षिण इटली आणि सिसिलीतून धान्य मागवायचे, जवळ म्हणून.

आणि ते जायचं कुठं? सफेद या गावच्या (आजच्या इस्रायलमध्ये) किल्ल्याचे आकडे मिळतात, तेच तक्त्याच्या मध्यभागी घाला. टेम्पलरांनी तो 1240 पासून नव्यानं बांधला. पहिल्या अडीच वर्षांत किल्ल्याचं स्वतःचं उत्पन्न सोडून वर 11 लाख बेझंट (तिकडचं सोन्याचं नाणं) लागले. पुढे दरवर्षी 40,000. शांततेत 1,700 माणसं, युद्धात 2,200. त्यात संघाचे सरदार किती? 50. सार्जंट 30, स्थानिक हलके स्वार 50, धनुर्धारी 300, कामकरी 820, गुलाम 400. वर्षाला 12,000 खेचरं भरून जव आणि गहू.

खेचराचं ओझं एक क्विंटल धरा, म्हणजे 1,700 माणसांना माणशी 7 क्विंटल पडले. माणूस वर्षाला अडीच-तीन क्विंटलच्या वर खात नाही. बाकीचं जनावरांच्या पोटात. 50 सरदार म्हणजे नियमानं 150 घोडे, शिवाय बाकीच्यांचे आणि सगळी खेचरं. किल्ल्याच्या ताब्यात 260 वर गावं होती. म्हणून 'किती एकर' विचारू नका, '50 सरदारांसाठी 260 गावं आणि वर युरोपातून चांदी' असं लिहा. एवढं करूनही 1266 मध्ये सुलतान बैबर्सनं तो घेतलाच.

पऱ्हाटी

तलाव भाऊ, मंग ते शिक्क्यावर एका घोड्यावर दोन माणसं काहून? आमच्या इकडं सगळे सांगून रायले का ते इतके गरीब होते, का दोघात एक घोडा.

मालगुजारी_तलाव

शिक्का खरा आहे, अर्थ लोकांनी लावलेला. नियमावलीत सरदाराला तीन घोडे आणि एक पोऱ्या, चौथा घोडा संघप्रमुखाच्या परवानगीनं. सार्जंटला एक. सामानाच्या यादीत जव मोजायचं माप आणि कढईसुद्धा आहे. मनाजोगता घोडा मागायचा नाही, मिळेल तो घ्यायचा. निष्काळजीपणानं घोडा गमावला तर झगा उतरवला जाऊ शकत होता, मग शिक्षा संपेपर्यंत खालच्या पंगतीत. शिकारीला बंदी, अपवाद फक्त सिंहाचा. मांस आठवड्यातून तीनदा. गरिबी माणसाची होती, घोड्याची नव्हती.

वैनगंगाकाठ

तक्त्यात सगळं टेम्पलरांनीच व्यापू नका, ही नेहमीची चूक. हॉस्पिटलरांचा खर्च मुळात दवाखान्याचा. 1099 च्या आधीपासून जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी त्यांचं घर होतं, 1113 मध्ये पोपनं संघ म्हणून मान्यता दिली, तलवार नंतर आली.

1182 चे नियम वाचले तर खर्च कुठं जायचा ते कळते. चार शिकलेले वैद्य, जे लघवी पाहून निदान करतील, ताप ओळखतील आणि काढे देतील. खाटा पुरेशा लांब-रुंद. प्रत्येक रुग्णाला स्वतःचं पांघरूण आणि चादर, रात्री उठून बाहेर जायला अंगरखा आणि पादत्राण. यात्रेकरू बायकांची बाळं वेगळ्या पाळण्यात, आईच्या खाटेवर नाही, म्हणजे आईच्या चुळबुळीनं बाळाला अपाय होणार नाही. आठवड्यात तीन दिवस ताजं मांस, ज्याला डुकराचं किंवा मेंढीचं झेपत नाही त्याला कोंबडी.

आपल्या लोकांना भावेल अशी गोष्ट म्हणजे कोणत्या शाखेनं काय पाठवायचं हे त्यात लिहून ठेवलं आहे. फ्रान्सच्या शाखेनं रंगीत सुती पांघरुणं 100. अँटिओकनं पांघरुणांसाठी 2,000 हात सुती कापड (हात म्हणजे त्यांचं कापड मोजायचं माप). कॉन्स्टँटिनोपलनं 200 नमदे. तिबेरियास आणि त्रिपोलीजवळच्या शाखेनं औषधी पाकासाठी प्रत्येकी दोन क्विंटल साखर. म्हणजे सगळीच वर्गणी रोख नव्हती, ज्या भागात जे पिकते किंवा विणते ते. कपाशीच्या मुलखातला तक्ता आहे, ते सुती कापड ठळक करा.

अडायचं कुठं तेही दाखवा. बरेच जण म्हातारपणी जमीन संघाला द्यायचे आणि बदल्यात मरेपर्यंत जेवण, कपडा, राहायची खोली लिहून घ्यायचे. देताना सौदा बरा वाटते. पण दाता वीस वर्षं जगला की जमिनीचं उत्पन्न त्याच्याच ताटात जाते. 1338 मध्ये इंग्लंडच्या हॉस्पिटलरांनी आपल्या मिळकतींचा अहवाल वर पाठवला, त्यात असे हयातभर पोसायचे लोक जागोजागी दिसतात. दुसरं दुखणं वारसांचं. बापानं दान केलं, पोरगा कोर्टात. हे आपल्याकडे समजावून सांगायची गरज नाही.

खारपाणपट्टा

फारच कामाचं मिळालं. मधला भाग ठरला: सफेद आणि 260 गावं. पण 'जगातली पहिली बँक' हे लिहू की नको? लंडनला पैसे भरून चिठ्ठी घ्यायची आणि जेरुसलेमला वटवायची, हे प्रत्येक व्हिडिओत आहे.

टाकळी_फाटा

'पहिली' कापा. पैसा एका ठिकाणी ठेवून दुसऱ्या ठिकाणी द्यायची सोय होती, पण धंद्याचा कणा तो नव्हता. मुख्य काम तिजोरीचं: मजबूत इमारत, शपथबद्ध माणसं आणि दोन टोकांना शाखा. पॅरिसच्या टेम्पलमध्ये (टेम्पलरांचं तिथलं ठाणं) फ्रान्सच्या राजाचा खजिना राहायचा. ठेव ज्याची त्याच्या नावानं. आजच्या बँकेसारखी एकाची ठेव दुसऱ्याला कर्जाऊ द्यायची नाही.

हे समजवायला 1250 चा प्रसंग वापरा. फ्रान्सचा राजा नववा लुई इजिप्तमध्ये कैद झाला. सुटकेची रक्कम तराजूनं तोलून द्यायची होती, त्यात 30,000 लिव्हर (फ्रान्सचं चलन) कमी पडले. टेम्पलरांच्या गलबतावर पेट्या भरून पैसा होता. राजाचा सरदार जॉइनव्हिल मागायला गेला. टेम्पलर कमांडर म्हणाला, आम्ही ठेवीदारांना शपथ दिली आहे, त्यांच्याशिवाय कोणाला देता येत नाही. शेवटी त्यांच्याच मार्शलनं (संघाच्या फौजेचा अधिकारी) वाट काढली: तुम्ही जबरदस्ती करा, आमची शपथ मोडणार नाही, आणि तुमचा आमच्याकडे अक्क्याला जो पैसा आहे त्यातून आम्ही भरपाई करून घेऊ. जॉइनव्हिलनं कुऱ्हाड उचलली, मार्शलनं किल्ल्या दिल्या. विश्वस्त म्हणजे काय ते यात पुरतं येते.

टेम्पलरांच्या गुप्त खजिन्याच्या दंतकथेलाही जागा देऊ नका. 13 ऑक्टोबर 1307 ला राजा चौथ्या फिलिपनं फ्रान्सभर धरपकड केली, तेव्हा कमांडऱ्यांत जप्तीच्या याद्या झाल्या. त्यात गाई, मेंढ्या, नांगर, धान्य, प्रार्थनाघरातली भांडी. तलाव भाऊ म्हणतात तेच, चांदी पूर्वेकडे जात होती, गावात साचत नव्हती. संघ 1312 मध्ये पोपनं रद्द केला आणि मालमत्ता हॉस्पिटलरांना दिली. फुकट नाही मिळाली. फ्रान्सच्या राजानं जुनी येणी दाखवली आणि 2 लाख लिव्हर कबूल करून घेतले.

ट्युटॉनिकांना वेगळा चौकोन करा, गावाकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या बाणांच्या साखळीत बसवू नका. त्यांनी प्रशियात स्वतःचं राज्यच उभं केलं, 1309 पासून मारियनबुर्ग राजधानी. तिथं ते देणगीवर नव्हते. राय धान्याचा व्यापार, बाल्टिक किनाऱ्याच्या अंबरची (दागिन्यांचा राळेचा खडा) मक्तेदारी, आणि वसवलेल्या गावांचा सारा.

पऱ्हाटी

पाण्याचं लिवा भाऊ. खारपाणपट्ट्यातले लोक वाचणार, अन् हत्तीनची लढाई नाही?

मालगुजारी_तलाव

बरोबर. 2 जुलै 1187. जेरुसलेमच्या ख्रिस्ती राजाची सगळी फौज सफुरियाच्या झऱ्यांवर होती, पाणी भरपूर. टेम्पलरांचा प्रमुख जेरार्द द रिदफोर यानं रात्री राजाचं मन वळवलं आणि सकाळी तिबेरियासकडे कूच केलं, साधारण 25 किलोमीटर. उन्हात राबणाऱ्या घोड्याला दिवसाला 40 लिटर तरी लागते. वाटेतलं तुरानचं पाणी सोडून पुढे गेले, मुस्लिम सुलतान सलादिननं मागची वाट तोडली, रात्र कोरड्या पठारावर निघाली. सकाळी त्यानं वाऱ्याच्या बाजूनं वाळलं गवत पेटवलं. 4 जुलैला संपलं. धरलेल्या संन्यासी सरदारांसाठी सलादिननं प्रत्येकी 50 दिनार देऊन ते विकत घेतले आणि मारले, दोन्ही संघांचे मिळून दोनशेच्या वर. हे लोक खंडणीवर सोडायचे नाहीत हे त्यानं ठरवलेलं होतं. नियमानुसार संघ तशी खंडणी भरतही नव्हता.

तक्त्यावर बाण उलटा दाखवा: एवढे स्वार एका दिवसात गेले की युरोपातल्या प्रत्येक प्रांताला नवी माणसं आणि नवे घोडे पाठवावे लागायचे, तेही वसंत आणि शरद या दोनच हंगामांत, कारण हिवाळ्यात जहाजं निघत नव्हती. घोड्यांच्या जहाजाला बाजूला दार असायचं. घोडे आत घेतले की ते दार बंद करून फटी बुजवायच्या, कारण समुद्रात ते पाण्याखाली जायचं.

खालच्या कोपऱ्यात जागा उरली तर वसई काढा. पोर्तुगालच्या राजानं टेम्पलरांची मालमत्ता हॉस्पिटलरांकडे जाऊ दिली नाही. 1319 मध्ये 'ख्रिस्ताचा संघ' काढून त्यात वळती केली. त्याच संघाचा लाल क्रूस पुढे पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवर रंगवला गेला आणि तीच गलबतं आपल्या किनाऱ्याला लागली.